ठेवणीतला आवाज

ज्ञानदेव सोनटक्के यांचा आवाज मी त्यांना बघायच्या आधी वीस वर्षं ऐकत होते. स्वारगेटवरून एसटी पकडणाऱ्या अर्ध्या पुण्यानं तो ऐकलाय. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सोलापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे." मग तेच वाक्य पुन्हा एकदा, एकही सूर इकडचा तिकडे न होता. गाडी दोन तास उशिरा असो की कोणाचं पोर हरवलेलं असो, आवाज तोच. माझी बहीण म्हणायची, ह्या माणसाच्या घराला आग लागली तरी हा दोनदा सांगेल आणि खाली बसेल.

मी द्वारका. परदेशी मालिकांचे मराठी संवाद लिहिणं हा माझा धंदा. लिहिणं म्हणजे काय, तिकडच्या माणसाचं तोंड उघडं असेपर्यंत आपलं वाक्य चालू ठेवायचं आणि त्यानं मिटलं की संपवायचं. ह्यात साहित्य वगैरे काही नाही, उगाच गैरसमज नको. २०१० साली एका नव्या वाहिनीला वाटलं की पोरं हिंजवडीत कमावतात, घरी संगणकावर रक्तपिशाचांच्या मालिका बघतात, तर त्यांच्या आईबापांनीच का मागे राहावं? म्हणून त्यांनी एक मालिका आणली आणि तिला 'अंधाराचे वारस' असं नाव दिलं. आमचा डबिंगचा स्टुडिओ नळ स्टॉपच्या मागच्या गल्लीत, तळघरात. काम आमच्याकडे आलं.

गोष्ट अशी होती. ल्यूकस नावाचा घड्याळजी. वय एकशे सत्तर, दिसायला तिशीचा. पूर्वी माणसांचं रक्त प्यायचा, आता सोडलंय. पण आतला राक्षस काही सुटलेला नाही. म्हणून रोज संध्याकाळी हा शेजारच्या म्हातारीच्या हातात तळघराची किल्ली देतो, आत जाऊन बसतो आणि म्हणतो, बाहेरून कुलूप लाव, सकाळी मी नीट बोललो तरच उघड. आत तो दुसरा त्याच्याशी बोलतो, त्याच्याच आवाजात. खरं सांगते, आधी मला हसू आलं. आमच्याकडे भूत लागलं की दृष्ट काढतात, कुलूप लावत नाहीत. पुढे मालिका सुरू झाल्यावर सदाशिव पेठेतून एका बाईंचं पत्रही आलं: मालिका बरी आहे, पण रक्त कमी दाखवावे, आम्ही तेव्हा जेवत असतो.

सुदर्शन हा आमचा दिग्दर्शक. वय सत्तावीस, बोलणं निम्मं इंग्रजी. तो मला म्हणाला, "ताई, ल्यूकससाठी मला टोटली डेड आवाज पाहिजे. पण रिस्पेक्टेबल डेड."

मी म्हटलं, "स्वारगेटला जा."

ज्ञानदेवांना तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. पर्वती पायथ्याला राहायचे. मूळचे परभणीकडचे, जिंतूरचे, पण बोलण्यात त्याचा मागमूस नव्हता. चौतीस वर्षं माइकसमोर प्रमाण मराठी बोलून तीच अंगाला लागली होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पिशवीत घरच्या पाण्याची बाटली. हात मागे बांधून माइकसमोर उभे राहिले आणि पहिल्याच दमात म्हणाले, "मी मेलेलो नाही. मी थांबलोय." ल्यूकसचं वाक्य होतं ते. सुदर्शन काचेपलीकडून अंगठा दाखवत राहिला. ज्ञानदेवांनी विचारलं, "दुसऱ्यांदा म्हणायचं का?" ती त्यांची सवय होती. कुठलीही गोष्ट एकदाच सांगून थांबणं त्यांना जमायचंच नाही.

तीन महिने असंच चाललं. वेळेवर येणार, काम करणार, कोपऱ्यावर अर्धा चहा पिणार, घरी जाणार. मी तशी तोंडाळ. कोणाला उगाच गप्प बसू देत नाही. पण ह्यांच्याशी गप्पा मारणं म्हणजे चौकशीच्या खिडकीवर उभं राहणं. विचारलं तेवढंच उत्तर, आणि चेहरा कोरा.

एकदा मात्र न विचारता बोलले. त्यांची मुलगी राजनंदिनी हिंजवडीत नोकरीला, राहायला वाकडला. जावई योगेश, त्याला कंपनीनं वर्षभरासाठी अमेरिकेला पाठवलेलं. नात मैना, साडेचार वर्षांची. तिला सांभाळणारी बाई काम सोडून गेली होती. पाळणाघर मैनेला मानवत नव्हतं, दर आठवड्याला ताप. शाळेची गाडी दुपारी एकला सोसायटीच्या गेटवर सोडणार आणि राजनंदिनी यायला सात वाजणार. ज्ञानदेवांच्या पत्नी मालनबाई घरात बसून नातीकडे बघू शकत होत्या, पण गुडघे गेलेले, खाली उतरून गेटवर जाणं आणि पोरीच्या मागे पळणं त्यांना शक्य नव्हतं.

"मग तुम्ही आहात की," मी म्हटलं.

"मुलगी नको म्हणते."

"का?"

"तिला माहीत असेल." त्यांनी कप खाली ठेवला. "एक वाजता गेटवर उभं राहायचं, एवढंच काम आहे. मी चौतीस वर्षं गाड्यांच्या वेळा सांभाळल्या." मग म्हणाले, "मला ते पाहिजे, द्वारकाबाई. दुसरं काही पाहिजे असं फार वर्षांत वाटलेलं नाही."

हेसुद्धा त्याच आवाजात. सोलापूर, फलाट क्रमांक चार. मला राजनंदिनीचा रागच आला. एवढा शांत, निर्व्यसनी बाप, आणि ह्या पोरींना अजून काय पाहिजे, असं मी मनात म्हटलं. ते मी म्हटलं, हे आता कबूल करते.

मग चौदावा भाग आला. ह्या भागात म्हातारी किल्ली विसरून जाते, तळघर उघडं राहतं आणि ल्यूकस आरशासमोर उभा राहून आतल्या राक्षसाला थोपवतो. मग तो राक्षस ओरडतो. आमच्या कामाची रीत अशी की शब्द आधी घ्यायचे आणि बिनशब्दांचे आवाज, म्हणजे धाप, हुंदके, किंकाळ्या, शेवटी एका बैठकीत. ते कोणी लिहीत नाही. माझ्या कागदावर एवढंच होतं: ल्यूकस, आणि पुढे कंसात 'ओरडतो'.

ज्ञानदेवांनी धाप लागल्याचं छान केलं. आणि ओरडायची वेळ आली तेव्हा दाढेच्या डॉक्टरसमोर करतात तसा 'आ' केला. सुदर्शन म्हणाला, "काका, आतलं ॲनिमल बाहेर येऊ द्या ना." सात वेळा घेतलं. सातही वेळा दाढच. शेवटी सुदर्शन मला हळूच म्हणाला की राक्षसासाठी दुसरा आवाज घेऊ. माइक चालू होता, ज्ञानदेवांना ऐकू गेलं.

"म्हणजे ल्यूकसच्या पोटातून दुसराच माणूस ओरडणार?"

"कोणाला कळतंय काका."

"मला कळेल," ते म्हणाले, आणि हेडफोन काढून, वायरची नीट गुंडाळी करून बाहेर गेले.

मी मागे गेले. चहाच्या टपरीमागे स्कूटर लावायची जागा आहे, तिथे उभे होते. म्हणाले, "तो आवाज आहे माझ्याकडे. अठ्ठ्याऐंशी सालच्या दिवाळीत शेवटचा काढला." आणि सगळं सांगितलं. सांगताना डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही.

दिवाळीची गर्दी. बदली माणूस आलेला नाही, म्हणून अठरा तास माइकवर. ज्याला गाडी मिळाली नाही तो ह्यांच्या खिडकीशी येऊन आईबहिणीवरून बोलून जायचा, आणि हे आत बसून 'कृपया लक्ष द्यावे'. तसं ते स्वारगेटवर गरीब गाय आणि घरी वाघ, असंच चालायचं त्या काळात. बायकोला, भिंतींना, सगळ्यांना ओरडायचे. त्या दिवशी घरी आले तर आठ वर्षांची राजनंदिनी तोंडाशी स्टीलची वाटी धरून उभी. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बाबा घरी लागलेले आहेत." मालनबाई पदर तोंडाला लावून हसतायत. ज्ञानदेव ओरडले आणि हाताशी होता तो पितळेचा तांब्या फेकला. पोरीची भुवई फाटली. पाच टाके पडले. मालनबाईंनी डॉक्टरांना सांगितलं, जिन्यावरून पडली. ज्ञानदेव म्हणाले, हो, जिन्यावरून पडली. पोरीलाही तेच सांगितलं.

"त्या दिवसापासून राग बंद केला," ते म्हणाले. "पण त्याच नळावर बाकीचंही होतं. तेही बंद झालं."

"बाकीचं म्हणजे?"

"सगळं. तिच्या लग्नात रडू आलं नाही. नात झाली तेव्हा दवाखान्यात पेढे वाटले. आनंद व्हायला हवा होता. वाट बघितली. आला नाही."

"आणि जिन्याचं?"

"ते तसंच राहिलं. तिनं मला विचारलं नाही."

"धन्य आहात," मी म्हटलं. एवढंच बोलले, कारण अजून बोलले असते तर टपरीवाल्यानं ऐकलं असतं. पण मी बाई कामाची. भाग शुक्रवारी पाठवायचा होता. मी पुढे म्हटलं, "आत जा आणि काढा एकदाचा. तो तुमचा नाही, ल्यूकसचा आहे. कागदावर लिहिलंय तसं." मला ते तेव्हा खरंच पटलेलं होतं.

ते आत गेले. पेन खिशातून काढून बाजूला ठेवलं. आणि ओरडले.

मी ह्या धंद्यात किंकाळ्या पुष्कळ ऐकल्यात. हे तसलं नव्हतं. ह्यात कोणी नाटक करत नव्हतं. कुठल्या तरी खोलीत, जेवणाच्या वेळी, घरातल्याच माणसावर ओरडलेलं होतं ते. सुदर्शननं हेडफोन कानावरून ओढून काढले. आणि लगेच, सांगायला लाज वाटते, मला बरं वाटलं की काम झालं. सुदर्शननं टाळ्या वाजवल्या. ज्ञानदेवांनी बाटलीतलं पाणी प्यायलं आणि विचारलं, "दुसऱ्यांदा घ्यायचं का?"

मालिका शनिवारी संध्याकाळी सातला लागायची. मालनबाईंना नवऱ्याचा आवाज टीव्हीवर येतो ह्याचं केवढं कौतुक. त्या शनिवारी त्यांनी राजनंदिनी आणि मैनेला जेवायलाच बोलावलं होतं. मसालेभात केला होता. ज्ञानदेवांना माहीत होतं त्या दिवशी कुठला भाग आहे. बघू नका म्हणता आलं असतं. म्हणाले नाहीत. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "जाहीर झालेलं होतं." ह्या माणसाला जाहीर झालेली गाडी रद्द करता येत नव्हती.

तो आवाज आला तेव्हा मैना आजीच्या पदरात शिरली. राजनंदिनीचा हात भुवईवर गेला आणि तिथेच राहिला. मग तिनं उठून टीव्ही बंद केला, मुलीला उचललं, चपला हातातच घेतल्या आणि गेली. मसालेभात कुकरमध्ये तसाच राहिला. हे सगळं मला मालनबाईंनी नंतर सांगितलं. त्यांना भाताचंच जास्त वाईट वाटत होतं, की तसं दाखवत होत्या, कोण जाणे.

सोमवारी एक मुलगी आमच्या स्टुडिओचा जिना उतरून आली. गळ्यात कंपनीचा पट्टा, पाठीवर लॅपटॉपची बॅग, डाव्या भुवईत एक पांढरी रेघ. तिनं नाव सांगायची गरज नव्हती.

"ती मालिका तुम्ही लिहिता?"

"लिहिते."

"शनिवारचं ते ओरडणं तुम्ही लिहून दिलं होतं? म्हणजे असं करा, तसं करा, असं काही?"

मी फाइल काढून कागद दाखवला. तिनं 'ओरडतो' ह्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि पुढे काही आहे का ते बघायला पान उलटलं. मागे कोरं होतं.

"मूळ इंग्लिशमध्ये असंच होतं?"

"नाही. तिकडचा नुसता जनावरासारखा ओरडतो."

"म्हणजे हा त्यांचा आहे."

"त्यांचा आहे," मी म्हटलं.

ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "हा आवाज मला आठ वर्षांची असल्यापासून ऐकू येतो. आई म्हणते जिन्यावरून पडलीस. बाबा म्हणतात जिन्यावरून पडलीस. आम्ही तळमजल्याला राहायचो, ताई. आमच्याकडे जिनाच नव्हता."

मी तिच्यापुढे पाणी ठेवलं.

"आईला विचारलं की दर वेळी नवा जिना निघायचा. कधी मामाकडचा, कधी शाळेतला. आणि बाबा इतके शांत. इतके शांत की मला वाटायला लागलं, माझ्याच डोक्यात बिघाड आहे. दोन वर्षं काउन्सेलरकडे जातेय. शनिवारी पहिल्यांदा कळलं की मी वेडी नाहीये." तिनं कागद नीट परत ठेवला. "सगळे मला म्हणतात, बाबा किती शांत आहेत, ठेव ना मैनेला त्यांच्याकडे. अहो, ओरडणारा माणूस दिसतो तरी. कुठे उभं राहायचं नाही, हे पोराला कळतं. हे शांत बसलेलं मला नाही सांभाळता येत."

मला तांब्याचं ठाऊक होतं. जीभ नुसती वळवळत होती. पण ते सांगायचं काम माझं नव्हतं, आणि आयुष्यात एकदा तरी मी तोंड बंद ठेवलं. ती गेल्यावर मात्र सुदर्शनला विनाकारण झापलं.

बुधवारी ज्ञानदेव आले. रेकॉर्डिंग नव्हतं. टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "एक काम होतं. मुलीशी बोलायचं आहे. संवाद लिहून द्याल का?"

"काय लिहून देऊ?"

"संवाद. तुम्ही बरोबर लिहिता. मला वाचता येतं, बोलता येत नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, बावीस वर्षं खोटं बोलायला कोणी लिहून दिलं नाही, आणि खरं बोलायला लेखक पाहिजे होय?" ते नुसते उभे. ह्या माणसावर चिडायचं म्हणजे फलाटाच्या खांबावर चिडण्यासारखं. शेवटी म्हटलं, "उद्या या."

घरी जाऊन लिहायला बसले. तीन पानं झाली. चांगली झाली होती. पश्चात्ताप होता, मध्ये थांबायच्या जागा होत्या, शेवटी बाप रडतो अशी खूण होती. वाचून मलाच भरून आलं, आणि तेव्हा कळलं की हे घेऊन गेला तर हा माणूस अजून एक भाग डब करून येईल. फाडून टाकली. सकाळी त्यांच्या हातात एक कागद दिला. वर त्यांचं नाव, ज्ञानदेव. आणि पुढे कंसात 'बोलतो'.

त्यांनी तो वाचला, चार घड्या केल्या आणि पेनामागे खिशात ठेवला. धन्यवाद म्हणाले. मी दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या, की जास्तच तोडून वागले.

रविवारी ते आणि मालनबाई दोन बस बदलून वाकडला गेले. ज्ञानदेवांच्या हातात कापडी पिशवी होती. आत तो तांब्या. एका बाजूला चेपलेला, माळ्यावर पडलेला. मालनबाईंनी कितीदा मोडीत द्यायला काढला, ह्यांनी दिला नाही. मैना शेजारी खेळायला गेली होती. ज्ञानदेवांनी तांब्या जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि उभे राहिले. महत्त्वाचं त्यांना बसून सांगता येत नाही.

"तांब्या मी फेकला होता. जिना नव्हता." मग तेच पुन्हा, तसंच. "तांब्या मी फेकला होता. जिना नव्हता."

मालनबाई म्हणाल्या, "आता कशाला जुनं उकरून काढायचं?"

"आई, तू गप्प बस," राजनंदिनी म्हणाली. "बाबा, तिसऱ्यांदा सांगा. माझ्याकडे बघून."

ज्ञानदेवांनी आयुष्यात तिसऱ्यांदा काही सांगितलेलं नव्हतं. बघितलं तिच्याकडे. भुवईकडे बघितलं. तोंड उघडलं तर ते स्वारगेटचं मराठी आलंच नाही. जिंतूरचं आलं. "म्या फेकला व्हता, माय," ते म्हणाले. "तू हसत व्हतीस म्हनून."

राजनंदिनीनं मला सांगितलं की ह्या शेवटच्या वाक्याची तिनं कधी कल्पनाच केली नव्हती. तिला वाटायचं आपण काहीतरी मोठं बिघडवलं असेल. तिनं तांब्या हातात घेतला, चेपलेल्या जागी अंगठा बसतो का बघितला आणि ओट्यावर नेऊन ठेवला. मग बाहेर येऊन म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलेलं नाही. हे नीट ऐका."

"ऐकतो."

"आई इथे राहायला येईल, वर असेल. तुम्ही एक वाजता गेटवर. मैनेचा राग आला तर तिला तोंडानं सांगायचं, मला राग आलाय. आणि गॅलरीत जायचं, दार लावून घ्यायचं. गेला की यायचं. पण गप्प बसायचं नाही. गप्प बसलात की त्या दिवशी संपलं."

ज्ञानदेव दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "किल्ली तिच्याकडे दिली." एवढंच. मी विचारलं, भीती वाटते का? ते म्हणाले, "असावी. पोटात काहीतरी होतंय. बरीच वर्षं काही झालेलं नाही, त्यामुळे नक्की काय ते सांगता येत नाही."

पहिले तीन आठवडे विशेष काही घडलं नाही. एक वाजता गेट, मग वरणभात, मग मैनेची झोप, चारला पोहे. ज्ञानदेव सकाळी स्टुडिओत ल्यूकसचे उरलेले भाग करायचे आणि साडेअकराला पिशवी उचलून निघायचे. राक्षसाचे आवाज राहिले होते, ते सुदर्शननं चौदाव्या भागातूनच उचलून पुढे जोडले. पुन्हा काढायला कोणी सांगितलं नाही, मी सांगू दिलं नसतं.

चौथ्या आठवड्यात एक दिवस शाळेची गाडी पन्नास मिनिटं उशिरा आली. कोणी कळवलं नाही. ज्ञानदेव उन्हात उभे, गेटवरच्या पहारेकऱ्यानं दोनदा हटकलं, आजोबा, बाजूला व्हा. पोरगी आली ती भुकेनं किरकिरत. वर जाऊन हात धुतले, पान वाढलं. ज्ञानदेव पाणी घेऊन वळले तर मैना खुर्चीवर उभी, तोंडाशी स्टीलची वाटी. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आजोबा गेटवर लागलेले आहेत."

तिला कोणी शिकवलं नव्हतं. आजोबा रोज जेवायला ह्याच शब्दांत बोलवायचे, तेच पोर बोललं. मालनबाई दिवाणावर बसल्या होत्या, त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं. ज्ञानदेवांच्या हातात भांडं होतं. कानशिलं तापली, ते मला म्हणाले, आणि कानात तोच आवाज भरला, बाहेर पडायच्या बेतात. भांडं टेबलावर ठेवायला फार वेळ लागला.

"मैना," ते म्हणाले. "मला राग आलाय."

एकदाच म्हणाले. गॅलरीत गेले, काचेचं दार ओढून घेतलं आणि कठड्याची दांडी धरून उभे राहिले. आतून मैना वाटी घेऊन काचेला नाक लावून बघत होती. खाली कोणीतरी गाडी धूत होतं, ते बघत राहिले. किती वेळ गेला त्यांना सांगता आलं नाही. चौतीस वर्षं घड्याळाकडे बघून बोलणारा माणूस, पण तेवढी वेळ त्यांना ठाऊक नाही. मग दार सरकवून आत आले आणि खुर्चीत बसले. रडत होते, असं मालनबाई म्हणतात. ज्ञानदेव म्हणतात, डोळ्यांना ऊन लागलं.

मैनेनं आजीकडून फोन लावून घेतला. राजनंदिनी मीटिंगमध्ये होती. घरचा फोन बघून ती तशीच बाहेर आली आणि तिनं तो उचलला. पलीकडे वाटी अजून तोंडाशीच होती.

"आईनं कृपया लक्ष द्यावे. आजोबांना राग आलेला होता. राग गेलेला आहे. आजोबा माझ्याबरोबर वरणभात खात आहेत."

राजनंदिनी म्हणाली, "पुन्हा सांग." मैनेनं पुन्हा सांगितलं, एकही शब्द इकडचा तिकडे न होता.

हे सांगायला राजनंदिनी मुद्दाम स्टुडिओत आली होती. बॅगसुद्धा पाठीवरून काढली नव्हती. मी विचारलं, मग तू काय केलंस?

"मीटिंगमध्ये परत गेलेच नाही, ताई. ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले आणि रडले," ती म्हणाली. "खऱ्या जिन्यात."